सोमवारचं वजन

माणूस घरापासून लांब एकटा राहिला की खंगतो, असं लोक धरून चालतात. मी फुगलो. आणीबाणी उठली त्या सुमारास बीडकडच्या आमच्या गावातून नव्या मुंबईत आलो तेव्हा मी पासष्ट किलोंचा होतो, आणि दोन वर्षांत शहाऐंशीचा झालो. सुट्टीत गावी गेलो की लोक म्हणायचे, "मुंबईचं पाणी मानवलं गड्याला." बायको मात्र शर्टाच्या ताणलेल्या गुंड्यांकडे बघायची आणि मी निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या गुंड्या दुहेरी दोऱ्याने पक्क्या करून द्यायची.

पाणी कसलं मानवतंय! ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्याच्या बाजूला एका रासायनिक कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून होतो, तोही टेम्पररी. कामगार आत येताना कार्ड पंच करायचे आणि उशिरा येणाऱ्यांची नावं मी लिहून घ्यायचो. असल्या माणसाशी हसून बोलायला कोण येणार? राहायला घणसोली गावात, दाटीवाटीच्या घरांत, एक खोली होती. आम्ही चौघे भाडेकरू, पण चौघांच्या पाळ्या वेगळ्या. माझ्याच गादीवर दिवसा रात्रपाळीवाला झोपायचा. मी संध्याकाळी यायचो तेव्हा तो गेलेला असायचा, गादी मात्र अजून कोमट असायची. दीड वर्ष आम्ही एका गादीवर झोपलो. त्याचा चेहरा आज मला आठवत नाही, डोक्याला लावायच्या तेलाचा वास तेवढा आठवतो.

जेवायला गावातच एक खानावळ होती, रत्नागिरीकडच्या एका बाईंची. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. पोटभर जेवण, महिन्याचं ठरलेलं. मावशी प्रत्येकाच्या ताटाशी वाकून विचारायच्या, "आणखी भात घालू?" दिवसभरात मला कुणी विचारलेला तो एकमेव प्रश्न असायचा. मी "घाला" म्हणायचो. पुन्हा विचारायच्या, मी पुन्हा "घाला" म्हणायचो. भूक कधीच भागलेली असायची. पण नको म्हटलं तर त्या पुढच्या ताटाकडे जाणार, हे मला माहीत होतं. असा भातावर भात घेऊन मी एकवीस किलो कमावले.

आम्हाला कायम करायच्या आधी कंपनी वैद्यकीय तपासणी करायची. त्यासाठी ठाण्याला एका डॉक्टरांकडे पाठवायची. कायम झालेल्या माणसाला कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर मिळे. टेम्पररीला काही नाही. माझी बायको आणि पहिलीतली मुलगी गावी होत्या, त्या घणसोलीच्या गादीवर येऊ शकत नव्हत्या. म्हणजे माझं घर, बायको, पोरगी, सगळं त्या डॉक्टरांच्या एका सहीवर अडलं होतं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. रक्तदाब वाढलेला, वजन शहाऐंशी.

"दहा किलो उतरवा. दिवाळी झाली की परत या. शहात्तर भरलं तर सही करतो, नाहीतर नाही."

मी विचारलं, "आणि नाही उतरलं तर?"

"तर सहा महिने आणखी टेम्पररी. आणि ऐका, रोज वजन बघत बसू नका, वेड लागेल. आठवड्यातून एकदा. तोच वार, तीच वेळ, तेच कपडे, पोटात काही नाही, आणि काटासुद्धा तोच. यातलं एक जरी बदललंत तरी स्वतःला फसवाल."

मी मुळात नियमाचा माणूस. टाइम ऑफिसवाला दुसरा कसा असणार? त्याच संध्याकाळी ठरवलं: सोमवार, सकाळी पावणेसात, राखाडी पँट, पांढरा शर्ट, अनवाणी. राहिला काटा. तो आमच्या फाटकाजवळच होता.

कारखान्याला कच्चा माल म्हणून मीठ लागायचं. खाडीच्या मिठागरांतून पोती भरून ट्रक यायचे. फाटकाच्या आत शेड होती आणि शेडमध्ये मोठा लोखंडी काटा. खाली चौकोनी पाट, मागे दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. काट्यावर घणसोलीचेच एक म्हातारे मापाडी होते. त्यांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं, पायांच्या बोटांना मिठाने कायमच्या चिरा पडलेल्या. मी त्यांना काका म्हणायचो. पहिल्या सोमवारी जाऊन म्हटलं, "काका, माझं वजन करून सांगाल का? दर सोमवारी?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कशाला, असं काही विचारलं नाही. "चर," म्हणाले. "तोंड गेटाकरं कर. हाला नको. हाललास का दांडी हालते."

मी पाटावर चढलो, फाटकाकडे तोंड करून उभा राहिलो. मागे दांडी खडखडली. आणि काकांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "लाभ!"

मोजायला सुरुवात करताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही जुनी रीत. आमच्या गावी खळ्यावर धान्य मोजतानाही तेच. सोमवारी सकाळी त्या काट्यावर चढणारं पहिलं पोतं मी होतो. लाभ म्हणून झाल्यावर ते जरा थांबले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "पंच्याऐंशी."

डॉक्टरांकडे शहाऐंशी, इथे पंच्याऐंशी. काट्याकाट्यात एवढा फरक असायचाच, असं म्हणून मी तो आकडा डायरीत लिहिला आणि एका पोस्टकार्डावर लिहून बायकोला पाठवला. मग तीच सवय पडली. सोमवारी वजन, सोमवारी पोस्टकार्ड. एरवी पत्रात लिहिण्यासारखं माझ्याकडे काय होतं? आज इतके लोक उशिरा आले, असं का लिहू? आता लिहायला आकडा होता. ती तो पोरीला वाचायला लावायची, असं तिने कळवलं. पोरगी तेव्हा अंक शिकत होती.

खानावळीत मी "नको" म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी मावशींना वाटलं तब्येत बरी नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "रागावलात का?" आठ दिवसांनी त्या मोजका भात घालून पुढे जायला लागल्या. त्यांची काय चूक? पन्नास माणसं जेवायची. पण मी जेवून हात धुवून बाहेर पडायचो तेव्हा अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून दहा शब्द गेलेले नसायचे. काही वेळा खोलीवर जाऊन मी उगाच मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचो. आपला आवाज अजून आहे ना, ते बघायला.

त्यामुळे सोमवारची मी वाट बघायला लागलो. खरं सांगायचं तर आकड्याइतकीच त्या "लाभ"ची. आठवड्यातून एकदा कुणीतरी माझ्या नावानं काहीतरी पुकारत होतं. वजन सांगून झालं की काका बिडी पेटवायचे आणि एखादं वाक्य बोलायचे, "आज खारीला भरती हाय," किंवा "नातवाला ताप हाय." मी "हो का" म्हणायचो. आणखी काय बोलावं ते मला सुचायचं नाही. मग भोंगा व्हायचा.

मेअखेर मी त्र्याऐंशीवर आलो. दोन महिन्यांत दोन किलो. असं चाललं तर दिवाळी कसली, पुढची दिवाळी आली असती. मग जून उजाडला, पाऊस लागला, आणि दुसऱ्या सोमवारी काकांनी पुकारलं, "एकोणऐंशी!"

मी पाटावरच उडालो. एका आठवड्यात चार किलो! "नक्की ना काका?" मी न वळताच विचारलं. "मी कदी चुकतंय?" ते म्हणाले. त्या आठवड्यात मी संध्याकाळचा भात पूर्ण सोडला होता, त्याचाच हा प्रताप, असं माझं मीच ठरवून टाकलं. कार्डावर एकोणऐंशी लिहून खाली दोन रेघा मारल्या. स्वतःला फार शहाणा समजणारा माणूस आनंदात असला की त्याच्याइतका मूर्ख कुणी नसतो. कामगार दोन मिनिटं उशिरा आला तर त्याच्यावर डोळे वटारणारा मी, चार किलो हवेत कुठे गेले ते विचारायला थांबलो नाही.

पुढे सावकाश उतरत गेलं. अठ्ठ्याहत्तर, पुन्हा अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर. पँट खरोखरच ढिली झाली, शिंप्याकडून कमरेत घेतली. आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारी काकांनी पुकारलं, "लाभ! ... शहात्तर."

त्या दिवशी मी कार्ड नाही, आंतरदेशीय पत्र लिहिलं. शहात्तर झालं. आता सहीला काही अडचण नाही. तयारीला लाग.

दिवाळीनंतर ठाण्याला गेलो. तीच पँट, तोच शर्ट, पोटात अन्नाचा कण नाही. डॉक्टरांच्या काट्यावर अगदी हसत चढलो. ते वाकून बघत म्हणाले, "बरंच उतरवलंत की. एक्याऐंशी."

मी म्हटलं, "शहात्तर."

"एक्याऐंशी," ते म्हणाले आणि मला स्वतःला बघायला लावलं. काटा एक्याऐंशीवर उभा होता. मी उतरून पुन्हा चढलो. पुन्हा उतरलो, खिशातली डायरी नि रुमाल बाजूला ठेवून पुन्हा चढलो. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. "पाच किलो राहिलेत. एप्रिलमध्ये या," एवढं म्हणून त्यांनी कागद बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेलो तो भांडायलाच.

"काका, सहा महिने मला खोटं वजन सांगितलंत तुम्ही!"

"खोटा?" त्यांच्या हातातली बिडी तशीच राहिली. "पन्नास वरसां काटा धरतंय मी. कोन बोलला खोटा?"

"डॉक्टरकडे एक्याऐंशी भरलं. तुम्ही शहात्तर सांगितलंत."

काकांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. मग शांतपणे म्हणाले, "एक्याऐंशी. बरोबर हाय. त्यातना बारदान एक किलो गेला. पावसाली कडता शंभराला पाच, म्हंजे चार गेला. ऱ्हायला शहात्तर. काय चुकला?"

मला काही उमगेना. त्यांनी समजावून सांगितलं, आणि तेही मला फार साधी गोष्ट कळत नाही अशा सुरात. मीठ मोजताना पोत्याचं, म्हणजे बारदानाचं वजन वजा करायचं. पावसाळ्यात मीठ पाणी धरतं, म्हणून शंभराला पाच आणखी वजा करायचे. तो कडता. नवीन मीठ पिकेपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षापर्यंत, तो चालूच राहतो. माझे कपडे हे माझं बारदान. आणि जूनपासून मीसुद्धा ओला माल.

"आख्खा वजन मी कंदी कोनाला सांगला नाय," ते म्हणाले. "आख्खा सांगनं म्हंजे लबारी."

"मी काय मिठाचं पोतं आहे का?" मी ओरडलो.

"मग काट्यावं कशाला चरतोस?"

ट्रकवरचे हमाल हसले. माझा पारा आणखी चढला. मी तोंडाला येईल ते बोललो. तुमच्यामुळे माझी बायकोपोर गावाला अडकली, सहा महिने वाया गेले, ती तिथे सामान बांधून बसली आहे. सगळं ओकून झाल्यावर काकांनी विचारलं, "ह्या वजनावं तुजी बायकोपोर येनार व्हती?"

"हो."

"मंग मना कशाला नाय सांगलास?"

सव्वीस-सत्तावीस सोमवार मी त्या माणसाच्या काट्यावर उभा राहिलो होतो. त्याच्या नातवाचा ताप मला माहीत होता. मला बायको आहे, मुलगी आहे, हे त्याला माहीत नव्हतं. एकटेपणा, एकटेपणा म्हणून मी खोलीत कुढत होतो आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला दोन वाक्यं सांगितली नव्हती. सांगितली असती तर तो जूनमध्येच म्हणाला असता, मंग कडता नको कापू ना? डॉक्टरांचे सगळे नियम मी पाळले. फक्त मागे वळून दांडी स्वतः वाचली नाही. वाचली असती तर पुकारायला कुणी लागलं नसतं, आणि ते मला नको होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं.

बायकोला पत्र लिहायला हात होईना. दोन दिवसांची रजा टाकून एसटीने गावी गेलो. दारातच ट्रंक दिसली, दोरीने बांधलेली. पितळी भांडी पोत्यात भरलेली. शेळी विकून टाकली होती. मुलीचा शाळेतून दाखला काढून ठेवला होता. मला बघून पोरगी ओरडली, "बाबा न्यायला आले!"

मी ओसरीवर बसून सांगितलं. बारदान, कडता, सगळं. सांगताना मलाच ते कुणाच्या तरी थापेसारखं वाटत होतं. मी बोलायचा थांबलो तशी बायको उठली, पोत्याची गाठ सोडली आणि एकेक भांडं काढून फळीवर पूर्वीच्या जागी लावायला लागली. पोरगी तिच्या हातात भांडी देत होती. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "बसा तुम्ही. दमून आलात." मला तेव्हा ती चिडली असती, रडली असती तर फार बरं वाटलं असतं.

परत आल्यावर सोमवारी मी शेडमध्ये गेलो. काकांनी हाताने खुणावून दांडीच्या बाजूला बोलावलं. "तोंड हकरं कर. तुजा तू बग." वजन कसं सरकवायचं, दांडी मधोमध तरंगली की आकडा कुठे वाचायचा, ते दाखवलं आणि बाजूला जाऊन बसले. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, रागही धरला नाही. पण माझ्यासाठी "लाभ" त्यांनी पुन्हा कधी पुकारलं नाही. मी आकडा वाचायचो, डायरीत लिहायचो, चपला घालून ऑफिसात जायचो. तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब हिवाळा. सोमवारचं कार्ड बंद पडलं. मी आकडा कळवला नाही आणि तिनेही कधी विचारला नाही. तिची पत्रं यायची, त्यात पोरीच्या पाढ्यांचं असायचं, विहिरीच्या पाण्याचं असायचं. माझ्या वजनाचा शब्द नसायचा.

एप्रिलमध्ये डॉक्टरांचा काटा पावणेशहात्तर दाखवत होता. त्यांनी सही केली. पंधरा दिवसांनी कायम झाल्याचं पत्र हातात पडलं, आणि मागोमाग घराची किल्ली. मी पत्र लिहिलंच नाही, टपालाला चार दिवस लागतात. सरळ गाडी पकडली. वाटेत तो कागद इतक्या वेळा काढून बघितला की शेजारच्या माणसाने विचारलं, "कोर्टाचं आहे का काही?"

दुपारी घरी पोचलो. "कायम झालो," मी दारातूनच सांगितलं. "घर मिळालं. दोन खोल्या आहेत. नळ आत आहे."

बायकोने पाणी दिलं. मग हात पदराला पुसून माझ्या हातातून कागद घेतला. ती चौथी शिकलेली, मराठी चांगलं वाचायची, पण कागद इंग्रजीत होता. तिने खालचा शिक्का बघितला, सही बघितली, माझं नाव तेवढं बोटाने शोधून काढलं. मला वाटलं आता हसेल. तिने कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि पोरीला हाक मारली. "हे गुरुजींकडं ने. म्हणावं आईनं वाचून घ्यायला सांगितलंय. काय लिहिलंय ते नीट ऐकून ये."

मी म्हटलं, "अगं, मी सांगतोय ना काय लिहिलंय ते."

"हो," ती म्हणाली. "तरी येऊ दे वाचून."

पोरगी पळत गेली. गुरुजींचं घर वेशीपाशी होतं, जाऊन यायला अर्धा तास लागायचा. आम्ही दोघं ओसरीवर बसलो, तिने तांदूळ निवडायला घेतले. मला खूप बोलायचं होतं. घराच्या खिडकीतून काय दिसतं, शाळा किती जवळ आहे. पण त्या कागदावाचून त्यातलं एकही वाक्य मला बोलता येईना. घणसोलीच्या खोलीत मी तीन वर्षं काढली, पण त्या अर्ध्या तासाइतका एकटा मी तिथे कधीच नव्हतो.

पोरगी धापा टाकत आली. कागद दोन्ही हातांत धरलेला. माझ्यासमोरून ती सरळ आईपाशी गेली आणि तिला म्हणाली, "गुरुजी म्हणाले, खरं आहे."